हनोईत शेवटचा दिवस, बाहेर धो धो पाऊस आणि विमान रात्रीचं

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा, की व्हिएतनाम एकट्यानं फिरून झालं, हुए शहर झालं, डोंगरातलं सापा झालं, उत्तरेकडच्या 'हा-जांग'चा घाट झाला, आता परवा हनोईतला शेवटचा दिवस. होस्टेलचं चेकआउट ११ ला, विमान रात्री साडेअकराला, मधे सगळा दिवस मोकळा आणि पाऊस उघडायचं नाव घेत नाही. कपडे ओले, बूट ओले, एकट्यानं पावसात फिरायचा कंटाळा आलाय, मन लागत नाहीये, तर दुपारीच एअरपोर्टला जाऊन बसू का?

नको. दुपारी १ ला एअरपोर्टला गेलास तर चेक-इन काउंटर उघडेपर्यंत बॅग पायाशी घेऊन लोखंडी खुर्चीवर बसून राहशील, बाकी काही होणार नाही. पण राहिलेलं सगळं बघून घेतो म्हणून शहर पालथं घालायलाही निघू नको, पावसात ते जमत नाही. मी कोल्हापुरातून छोटे ग्रुप घेऊन बरीच वर्षं व्हिएतनामला जातोय आणि ग्रुप परत पाठवला की मागं थांबून एकटाही फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं ठाम मत असं आहे की शेवटचा दिवस नवीन जागा गोळा करायचा नसतो, जे बघून झालंय ते समजून घ्यायचा असतो आणि त्यासाठी हनोईत एक जागा अशी आहे की जी लोक पहिल्या दिवशी उरकून टाकतात आणि जी खरं तर शेवटच्या दिवशीच बघावी. त्यावर येतोच, आधी पाऊस आणि बॅग.

तू आषाढातल्या कोल्हापूरच्या हिशेबानं विचार करतोयस. आपल्याकडं एकदा लागला की दिवसदिवस झिमझिम, गार वारा, स्वेटर काढायची वेळ. हनोईत जुलै-ऑगस्टचा पाऊस गरम असतो. ढग येतात, तासभर असा ओततो की समोरचं दुकान दिसत नाही, मग थांबतो किंवा भुरभुर राहतो आणि लगेच वाफ सुटते. रेनकोटच्या आत घामानं तेवढाच भिजतोस. त्यामुळं दिवसभर रेनकोट चढवून चालत राहण्यात काही अर्थ नाही, पाऊस कोसळत असेल तेव्हा कुठंतरी आत बसायचं आणि उघडीप आली की दुसरीकडं सरकायचं. हाफ पँट, पट्ट्याचे रबरी सँडल आणि रस्त्याकडेला मिळणारा पातळ प्लॅस्टिकचा रेनकोट पुरे. तिथले मोटरसायकलवाले पण अख्ख्या गाडीवर पसरेल असा रेनकोट घेतात, मागं बसणारा त्याच्यातच डोकं घालतो, तेव्हा रस्ता ओलांडताना एक लक्षात ठेव, पावसात त्या टोपीमुळं त्यांना बाजूचं कमी दिसतं. एरवी चालतोस तसंच एका लयीत चाल, मधेच थबकू नको, मधेच पळू नको. आणि रस्त्यावर गुडघ्याएवढं पाणी साठलं असेल तर त्यातून अजिबात जायचं नाही, खाली गटाराचं झाकण आहे का नाही ते दिसत नाही आणि विजेचे खांब जवळच असतात.

वादळ आलं तर मात्र हे सगळं बाजूला ठेव. सप्टेंबर २०२४ मधे यागी वादळ आलं तेव्हा ७ तारखेला नोई बाई विमानतळ काही तास बंदच ठेवला होता आणि पुढच्या काही दिवसांत लाल नदीचं पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरलं होतं. बातम्यांत वादळाचं नाव यायला लागलं तर म्युझियम नाही, कॉफी नाही, विमान कंपनीचे मेसेज बघत होस्टेलवर थांबायचं. तू लिहिलंस त्यावरून सध्या साधा मोसमी पाऊस दिसतोय, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता बॅग. शेवटचा दिवस पावसानं बिघडत नाही, ओल्या बॅगेनं बिघडतो. आदल्या दिवशी दुपारच्या आत सगळे ओले कपडे लाँड्रीत टाक. जुन्या शहरात गल्लोगल्ली किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं आहेत, त्यातलं ड्रायर असलेलं बघ, देताना 'ड्राय' एवढं विचारून खात्री कर, कारण त्या हवेत दोरीवर टाकलेला टॉवेल दोन दिवसांत पण वाळत नाही. पैसे वाचवायला होस्टेलच्या बंकवर वाळत घालू नको. ओल्या कपड्याचं वजन किती वाढतं ते काउंटरवर कळतं, स्वस्तातल्या तिकिटावर केबिन बॅग बहुतेक ७ किलोचीच असते आणि भिजलेली एक जीन्स त्यातलं बरंच खाऊन टाकते.

बॅगेला वरून घालतात ते रेनकव्हर अर्धवट काम करतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी नेमकं तिथनं आत जातं. म्हणून बॅगेच्या आत एक मोठी जाड कचऱ्याची पिशवी घाल, सगळे कपडे तिच्यात आणि तोंडाला पीळ देऊन खाली दुमडून टाक. शेतात खताच्या पोत्याची खोळ घेणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. त्या पिशवीच्या सगळ्यात वर एक पूर्ण कोरडा जोड ठेव, मोजे-अंडरवेअरसकट, तो दिवसभर उघडायचा नाही, तो विमानातला. बूट ओले असतील तर रात्रीच आतले तळवे काढून वर्तमानपत्र कोंबून ठेव, दोनतीनदा कागद बदल, सकाळपर्यंत घालण्यालायक होतात. आपली कोल्हापुरी सोबत नेली असशील तर ती मात्र कागदात गुंडाळून आतच ठेव, कातड्याला पाणी लागलं की तिचं काम संपलं.

चेकआउट करताना पासपोर्ट. हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. व्हिएतनाममधे पुष्कळ होस्टेलवाले चेक-इनला पासपोर्ट काउंटरला ठेवून घेतात आणि सकाळच्या गडबडीत तो खणातच राहतो. बॅग ठेवायला देताना आधी पासपोर्ट हातात घे, फोटोचं पान उघडून तुझाच आहे ना बघ, मगच बॅग दे. तेव्हाच विचारून ठेव की संध्याकाळी येऊन अंघोळ करता येईल का. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, काही ठिकाणी थोडे पैसे घेतात, द्यायचे, त्या दिवशी त्या अंघोळीइतकं किमतीचं दुसरं काही नाही. ई-व्हिसाची तारीख पण बघ. शेवटची तारीख त्याच दिवसाची असेल तर रात्री १२ च्या आत इमिग्रेशन पार झालेलं हवं, विमान लेट आहे म्हणून बाहेर रेंगाळत बसायचं नाही.

आता ती जागा. व्हिएतनाम म्युझियम ऑफ एथ्नॉलॉजी, म्हणजे तिथल्या वेगवेगळ्या जमातींचं म्युझियम. १९९७ ला सुरू झालं, जुन्या शहरापासून पश्चिमेला सातआठ किलोमीटर, सकाळी साडेआठला उघडतं, सोमवारी बंद. तिथल्या सरकारी यादीत ५४ समाज आहेत, त्यात किन्ह म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी साधारण ८५ टक्के आणि बाकीचे ५३ मिळून उरलेले. पहिल्या दिवशी गेलं की ही नुसती नावं असतात, लोक कंटाळून अर्ध्या तासात बाहेर येतात. पण तू आता सापात ह्मोंग जमातीच्या बायकांना निळीत हात बुडवलेलं बघितलंयस, हा-जांगला रस्त्यावर वेगवेगळे पेहराव बघितलेत, कोण कुठले ते तेव्हा कळलं नसणार. इथं मेणानं कापडावर नक्षी कशी काढतात, मग नीळ कशी चढते, मेण उकळून काढलं की पांढरं डिझाईन कसं उरतं हे क्रमानं मांडलंय. ते बघताना तुला सापातल्या त्या दारात बसलेल्या बाईचे निळे पडलेले हात आठवतील आणि तेव्हा तो फोटो का काढला होतास ते कळेल.

आतमधे एक सायकल आहे, ती शोधून बघच. साधी सायकल, तिच्यावर मासे धरायचे बांबूचे सापळे रचलेत, एकात एक अडकवून, दोन्ही बाजूला आणि वरती, इतके की हँडल आणि चाकं सोडून सायकल दिसतच नाही, माणूस कुठनं ढकलत असेल तेही पटकन समजत नाही. लाल नदीच्या खोऱ्यातला एक विक्रेता असा माल घेऊन गावोगाव फिरायचा. मी ग्रुपला तिथं दहा मिनिटं उभं करतो. हनोईच्या रस्त्यावर आठवडाभर स्कूटरवर फ्रिज, डुकरं, फुलांचे भारे जाताना बघून लोक नुसते हसलेले असतात, इथं उभं राहिलं की ते कष्ट दिसायला लागतात.

मागच्या बागेत खरी घरं आहेत, त्या त्या गावच्या माणसांनी येऊन त्यांच्या पद्धतीनं बांधलेली. बाना लोकांचं गावसभेचं घर, छप्पर जवळपास १९ मीटर उंच, उभ्या पात्यासारखं. एडे लोकांचं लांब घर ४० मीटरहून जास्त आहे, त्यांच्यात घर आईकडून मुलीकडं जातं, मुलीचं लग्न झालं की जावई इकडं राहायला येतो आणि घर पुढं वाढवत नेतात. वर चढायच्या लाकडी जिन्यावर स्तनांची आणि चंद्रकोरीची कोरीव खूण आहे, ती त्याच मानाची. पाऊस जोरात आला की या लांब घरात जाऊन बस. जमीन बांबूची, खाली मोकळं, पाणी छपरावरनं सगळीकडनं पडत असतं आणि तू कोरडा. घरात जाताना चपला काढाव्या लागतात म्हणून सँडल बरे, ओल्या मोज्यांनी जिना निसरडा लागतो. आपल्याकडं कणेरी मठावर बारा बलुतेदारांचे पुतळे करून अख्खं गाव उभं केलंय, ते बघून वाढलेल्या माणसाला हे जास्तच भिडतं, कारण इथं पुतळे नाहीत, घर आहे आणि त्यात तुला बसता येतं. सकाळी ९ ला गेलास तर १२-साडेबारापर्यंत वेळ दे, घाई करू नको. म्हणजे चेकआउट ११ ला नाही, सकाळी निघतानाच करून टाकायचं.

सोमवार असेल तर साहित्य मंदिर, म्हणजे वान म्येव. १०७० साली बांधलेलं, १०७६ पासून तिथं राजघराण्याची विद्याशाळा. दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख आहेत, राजदरबारच्या परीक्षेत पास झालेल्यांची नावं कोरलेली, आणि ते छपराखाली असल्यामुळं पावसात पण नीट बघता येतात. सुंदर आहे, पण अंगणं उघडी आहेत, भिजणं होणार. ट्रेन स्ट्रीट, म्हणजे घरांना चिकटून रेल्वे जाते ती गल्ली, आणि लाल नदीवरचा लाँग ब्येन पूल पावसात सोडून दे, पुलावरची पायवाट ओली झाली की पाय टिकत नाही.

दुपारी परत होआन कीम तलावाच्या बाजूला ये. जेवण आधी आवडलेल्या ठिकाणीच कर, शेवटच्या दिवशी पोटाशी प्रयोग नको, पुढं विमान आहे आणि त्याच्या पुढं कोल्हापूरपर्यंतचा प्रवास. बीफ खात नसशील तर फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, मागताना 'फो गा' म्हण, ते चिकनचं. बुन चा, म्हणजे शेवयांबरोबरचं भाजलेलं मांस, डुकराचं असतं हे माहीत असेलच.

जेवून एखाद्या जुन्या कॅफेत वरच्या मजल्यावर खिडकीशी बस आणि अंड्याची कॉफी घे. दूध मिळेनासं झालं होतं त्या काळात, १९४६ मधे, मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, तिथनं ही सुरू झाली. त्यांच्या घरच्यांचं कॅफे जांग अजून चालू आहे. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात, निवू नये म्हणून. खाली कडक रोबस्टा, वर दाट गोड फेस, आधी चमच्यानं वरचं थोडं खाऊन बघ मग ढवळ.

इथं बसून वही काढ. मन लागत नाही म्हणालास ना, ते एकट्यानं फिरणाऱ्या जवळपास सगळ्यांना शेवटच्या दिवशी होतं. इतके दिवस रोज उद्याची बस, उद्याचं होस्टेल, उद्याचं जेवण तूच ठरवत होतास, डोकं सतत त्या कामात होतं, आणि आज अचानक उद्याचं ठरवण्यासारखं काही नाही. त्यात सोबत कुणी नाही की ज्याच्याशी 'ते आठवतंय का' म्हणता येईल. तेव्हा डोक्याला काम दे. भावना नंतर लिही, आधी तपशील लिही. कुठल्या गावात कुठं राहिलास, किती पैसे दिलेस, घाटात गाडी बंद पडली तेव्हा कुणी मदत केली, त्या घरात काय खायला दिलं, होमस्टेच्या म्हातारीनं काय खुणा केल्या. फोटोत जागा राहतात, हे राहत नाही, घरी पोचून दोन दिवस झाले की किमती आणि नावं आधी जातात. मी कितीतरी जणांना बघितलंय, परत आल्यावर पुढच्या माणसाला सांगायला त्यांच्याकडं 'लई भारी होतं' याच्यापुढं काही उरत नाही. दीड-दोन तास लिही, बाहेर ओतू दे. आणि घरी एक फोन कर, नुसता खुशालीचा नाही, निवांत, आईला खिडकीतनं पाऊस दाखव.

संध्याकाळी पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ. थांग लाँगचं थिएटर तलावाला लागूनच आहे, दुपारनंतर बरेच शो असतात, साधारण पाऊण तासाचा. तिकीट सकाळीच काढून ठेव, पावसाळी दिवशी सगळेच आत घुसायला बघतात. ही कला लाल नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची, पाणी भरलेल्या भातखाचरात, गावच्या तळ्यात चालायची, ११२१ सालच्या शिलालेखात तिचा उल्लेख आहे. खेळ करणारे बांबूच्या पडद्यामागं कमरेएवढ्या पाण्यात उभे असतात आणि लांब काठ्या पाण्याखालनं पुढं सरकवून बाहुल्या नाचवतात. भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही, नांगरणी आहे, म्हशी आहेत, बदकं राखणारा आहे, भाताच्या पट्ट्यातनं आलेल्या माणसाला सगळं कळतं. त्यातच राजा ले लोयची गोष्ट येते, पंधराव्या शतकात मिंग फौजा हाकलून दिल्यावर त्यानं तलवार कासवाला परत दिली ती याच तलावात. शो सुटला की तो तलाव समोरच असतो. पुढं बसलास तर पाणी उडतं, मधल्या रांगा बऱ्या.

साडेपाच-सहाला होस्टेल, अंघोळ, तो कोरडा जोड चढव, ओलं झालेलं सगळं वेगळ्या पिशवीत गाठ मारून. आणि ७ ला निघ. नोई बाई साधारण ३० किलोमीटर आहे. ८६ नंबरची केशरी बस जुन्या शहराजवळनं थेट जाते, ४५,००० डाँग म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास, बॅग ठेवायला जागा असते, तासभर लागतो. ग्रॅब या अ‍ॅपवरनं बोलावलेली कार आरामाची, पण पाऊस चालू असला की भाडं चढतं आणि ऐन संध्याकाळी गाडी मिळतच नाही, ड्रायव्हर कॅन्सल करत राहतात. मी पावसात बसच धरतो. कारनं जायचंच असेल तर होस्टेलवाल्याकडून दुपारीच ठरवून घे. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरनं, ड्रायव्हरला हे सांगायचं, टर्मिनल १ देशांतर्गत आहे. मोबाईल पूर्ण चार्ज, पॉवर बँक केबिनमधे.

पैशाचं एकच पण महत्त्वाचं. १०,००० पासून वरच्या नोटा प्लॅस्टिकच्या असतात, भिजल्या तरी काही होत नाही, पण २०,००० आणि ५,००,००० दोन्ही निळ्या. अंधारात, पावसात, ओल्या हातानं टॅक्सीचे पैसे देताना वीस हजाराऐवजी पाच लाखाची गेली तर दीड हजाराच्या वर रुपये गेले. मोठ्या निळ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेव. उरलेले डाँग कोल्हापुरात कोण बदलून देणार नाही, तिथंच एअरपोर्टवर डॉलर करून घे किंवा त्याची कॉफी घे. खरेदी म्हणशील तर कॉफीची पावडर आणि ती गाळायचा छोटा फिन, बस. फिश सॉस हौसेनं घेऊ नको, १०० मिलीच्या वरचं केबिनमधे जात नाही आणि बॅगेत फुटला तर सगळ्या कपड्यांना वास.

आता शेवटचा टप्पा, जो हनोईत बसून कुणाच्या लक्षात राहत नाही. तू दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत उतरतोयस, म्हणजे संध्याकाळची महालक्ष्मी एक्सप्रेस मिळते, तिचं तिकीट अजून काढलं नसशील तर आत्ता काढ. मुंबई विमानतळाच्या टी-टूपासून आता भुयारी मेट्रो थेट सीएसएमटीला जाते, पावसात टॅक्सीपेक्षा ती भरवशाची. पण जुलैअखेर आहे, इकडचं पाणी पण बघायला पाहिजे. २०१९ ला शिरोलीला हायवे पाण्याखाली होता आणि मिरजेच्या पुढं गाड्या येत नव्हत्या, २०२१ ला पण हायवे बंद पडला. त्यामुळं बोर्डिंगच्या आधी घरी विचार, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फुटावर आहे. ३९ च्या, म्हणजे इशारा पातळीच्या, आत असेल तर निर्धास्त ये. ४३ ची धोका पातळी गाठून अजून चढत असेल तर तिकीट पुण्यापर्यंतचंच धर आणि कुणाकडं तरी राहायची सोय हनोईतनंच फोन करून लावून ठेव.